शाफ्टपासून सॉकेटपर्यंत: सोसायटीत फायबर टाकताना

सोसायटीत फायबर आणायचं ठरलं की सभेत पहिला प्रश्न येतो, कंपनी कोणती घ्यायची? आमच्याकडेही तोच आला. पण या कामात कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी ठरवावं. कंपन्या बदलतात, प्लॅन बदलतात, भाडेकरू बदलतात. शाफ्टमधली केबल आणि भिंतीतला पाइप मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहतो. म्हणून इमारतीच्या आतलं जाळं सोसायटीच्या मालकीचं ठेवायचं आणि कंपनीने पार्किंगमधल्या पेटीपर्यंत यायचं, असं धरून आखणी केली.

इमारत पुण्यातली. दोन विंग, खाली पार्किंग, वर सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट. म्हणजे एका विंगेत २८ आणि एकूण ५६ घरं. बांधकाम जुनं असल्यामुळे टेलिफोन आणि टीव्हीसाठी पाइप आहेत, फायबरचा विचार कुणी केलेला नाही. आधीची सोय अशी होती: गच्चीवर स्विचची पेटी, शेजारच्या इमारतीवरून हवेतून आलेली केबल आणि गच्चीतून बाहेरच्या भिंतीवरून घराघरांत सोडलेल्या लॅन केबली. या पद्धतीचे तोटे सगळ्यांनी भोगलेत. स्विचला वीज लागते, त्यामुळे घरात इन्व्हर्टर असला तरी गच्चीवरची लाइट गेली की नेट बंद. तांब्याच्या तारेतून वळवाच्या पावसातल्या विजेचा झटका थेट राउटरच्या पोर्टपर्यंत येतो. आणि ग्राहक सोडून गेला की त्याची वायर कुणीच काढत नाही. आमच्या भिंतीवर लोंबणाऱ्या वायरींपैकी चालू किती आणि मेलेल्या किती, हे एकाही ऑपरेटरला सांगता येत नव्हतं.

जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये इमारतीत वीज लागत नाही. कंपनीच्या एक्स्चेंजमधून एक कोअर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची बारीक तार, येते, काचेचा स्प्लिटर तिचा प्रकाश अनेक वाटांत विभागतो आणि थेट घरातल्या ओएनटीपर्यंत, म्हणजे प्रकाशाचं नेटमध्ये रूपांतर करणाऱ्या डब्यापर्यंत, पोचवतो. मधे चालू अवस्थेतलं एकही यंत्र नाही. घरातल्या ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की वीज गेल्यावरही नेट चालू राहतं.

पाहणी शाफ्टपासून सुरू करावी. बिल्डरचा नकाशा जवळ ठेवावा, पण त्यावर विसंबू नये. साधी चाचणी अशी: सातव्या मजल्यावरून शाफ्टमध्ये दोरीला जड नट बांधून खाली सोडायचा. पार्किंगपर्यंत आला तर वाट मोकळी. मधेच अडला तर दोरी मोजून कोणत्या मजल्याचा स्लॅब बंद आहे ते कळतं. आमच्या एका विंगेत टेलिफोनच्या शाफ्टमधून नट सरळ खाली आला. दुसऱ्या विंगेत चौथ्या मजल्यावर अडला, कारण कुणीतरी दुरुस्तीच्या वेळी ते भोक सिमेंटने बुजवलं होतं. तिथे ५० मिलिमीटरचं कोअर कटिंग, म्हणजे मशीनने गोल भोक, करावं लागलं. हे भोक फक्त स्लॅबमध्ये पाडायचं, बीमला हात लावायचा नाही, आणि जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच आखून घ्यायची. केबल गेल्यावर भोवतीची फट अग्निरोधक सीलंटने भरायची. फट उघडी राहिली तर आगीच्या वेळी शाफ्ट धुराड्यासारखा काम करतो.

ठेकेदार सोपा पर्याय म्हणून प्लंबिंगची डक्ट सुचवतात. ती नाकारावी. ओल असते, घुशी-उंदीर असतात, आणि पुढे गळती दुरुस्त करणारा प्लंबर केबल बाजूला ओढताना तोडतो. विजेच्या शाफ्टमधून जावंच लागलं तर पॉवर केबलपासून साधारण ३०० मिलिमीटर अंतर ठेवावं. काचेला विजेचा त्रास होत नाही हे खरं, पण बऱ्याच ड्रॉप केबलींत, म्हणजे पेटीपासून घरात जाणाऱ्या केबलींत, आधाराला स्टीलची तार असते, आणि नंतर तिथे हात घालणारा माणूस हाडामांसाचा असतो. म्हणून इमारतीच्या आत एफआरपीची, म्हणजे धातू नसलेली काडी असलेलीच केबल घ्यायची असं ठरवलं. आवरण एलएसझेडएच हवं, म्हणजे जळताना धूर कमी आणि विषारी हॅलोजन वायू नाही.

आता कोअरचा हिशेब. प्रत्येक विंगेत पार्किंगपासून सातव्या मजल्यापर्यंत एक ४८ कोअरची केबल घेतली. तिच्यात चार ट्यूब असतात, प्रत्येकीत १२ कोअर. ट्यूबचे रंग ओळीने निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. आतल्या कोअरचेही तेच चार रंग आणि पुढे करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिकट निळा. हा क्रम ठरलेला आहे, त्यामुळे वाटणी रंगावरच करता येते. निळी ट्यूब पहिल्या-दुसऱ्या मजल्याची, नारिंगी तिसऱ्या-चौथ्याची, हिरवी पाचव्या-सहाव्याची, तपकिरी सातव्याची आणि गच्चीची. दोन मजल्यांची आठ घरं आणि ट्यूबमध्ये बारा कोअर, म्हणजे चार शिल्लक. तपकिरी ट्यूबमधून चार घरं आणि उरलेल्या आठ गच्चीवरचे कॅमेरे, लिफ्ट आणि राखीव यांच्यासाठी.

या वाटणीचा मोठा फायदा म्हणजे घरांच्या केबली जोडायची पेटी प्रत्येक मजल्यावर लागत नाही. दुसरा, चौथा, सहावा आणि सातवा, अशा चारच पेट्या, १२ पोर्टच्या. केबल दुसऱ्या मजल्यावर पूर्ण कापायची नाही. बाहेरचं आवरण दीडेक मीटर सोलायचं, निळी ट्यूबच फक्त कापून पेटीत उतरवायची, बाकीच्या तीन अखंड गुंडाळून वर जाऊ द्यायच्या. हे काम सवयीच्या माणसाकडूनच करून घ्यावं. घाईत चालवलेल्या ब्लेडने शेजारच्या ट्यूबला चीर पडली तर वरचे दोन मजले त्याच क्षणी जातात, आणि ते कळतं मात्र आठवड्याने, टेस्टिंगच्या वेळी.

लांबीचा हिशेब: पार्किंगच्या पेटीपासून सातव्या मजल्याच्या पेटीपर्यंत उभं अंतर २२ मीटरच्या आसपास. प्रत्येक पेटीपाशी दोन मीटर आणि खाली पाच मीटर सैल ठेवली की ३५ मीटर होतात. विंगेला ४५ मीटर मागवली. उभ्या वाटेवर १०० मिलिमीटर रुंद छिद्रांचा ट्रे, आणि केबल बांधायला वेल्क्रो. नायलॉनचा टाय करकचून आवळला की केबल दबते आणि तो दाब रीडिंगमध्ये दिसतो. पेटीपासून घरापर्यंतची ड्रॉप केबल सरासरी २० मीटर: मजला उतरायला तीन, पॅसेजमधून आठ, घरात सात, दोन्ही टोकांना एकेक मीटर सैल. ५६ घरांना ११२० मीटर, त्यावर दहा टक्के. ड्रम ५०० आणि १००० मीटरचे मिळतात, म्हणून एक-एक घेतला. कोअर जी.६५७-ए२ जातीचीच मागावी. तिला साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळण चालतं. लांब पल्ल्याची जी.६५२ जातीची कोअर घराच्या कोपऱ्यांत टिकत नाही.

पार्किंगमध्ये प्रत्येक विंगेला एक भिंतीवरचा नऊ यूचा (यू हे रॅकच्या उंचीचं माप) रॅक आणि त्यात ४८ पोर्टचा पॅनेल. रॅक जमिनीपासून कमीत कमी सव्वा मीटर वर. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी तुंबत नाही असं सगळेच म्हणतात, तरीही. कंपन्या गेटजवळच्या ए विंगेत येतात, म्हणून दोन्ही रॅक एका १२ कोअरच्या केबलने जोडले. बाराच का? एका विंगेच्या २८ घरांना १:८ चे, म्हणजे एका कोअरच्या आठ वाटा करणारे, चार स्प्लिटर पुरतात, म्हणजे एका कंपनीला बी विंगेसाठी चार कोअर. तीन कंपन्या धरल्या की बारा. ही केबल ४० मिलिमीटरच्या एचडीपीई पाइपातून जमिनीखालून नेली आणि शेजारी तसाच एक रिकामा पाइप नायलॉनची दोरी ओवून ठेवला. कंपाउंडच्या भिंतीपासून रॅकपर्यंतही दोन रिकामे पाइप आहेत, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. आत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यायचा, म्हणजे पाणी केबलवरून वाहत पेटीत न शिरता झोलातून टपकतं. पुण्याच्या पावसात हा झोल नसलेली पेटी पहिल्याच जुलैत गंजते.

पॅनेलचा उपयोग असा. घराची कोअर ठरलेल्या पोर्टवर येते. कंपनीचा स्प्लिटर त्याच रॅकमध्ये वर बसतो. ६०३ मधल्या कुटुंबाने कंपनी बदलली तर एक पॅचकॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल, काढून दुसऱ्या स्प्लिटरला लावायची. भिंतीला ड्रिल नाही, नवी वायर नाही. काही कंपन्या आपलीच ड्रॉप केबल टाकण्याचा आग्रह धरतात. त्यांच्यासाठी ट्रेमध्ये जागा मोकळी ठेवली आहे, पण ट्रे सोडून जाता येणार नाही ही अट कायम.

प्रकाशाचा हिशेब आधी कागदावर करावा. बी-प्लस वर्गाच्या जीपॉनला एकूण २८ डीबी (डेसिबल, प्रकाश किती घटला याचं माप) तूट सोसते. १:४ चा स्प्लिटर सुमारे ७.२ डीबी खातो आणि १:८ चा १०.५, मिळून १७.७. एक्स्चेंजपासून अडीच किलोमीटर धरले तर किलोमीटरला ०.३५ प्रमाणे ०.९. सहा कनेक्टर, प्रत्येकी अर्धा डीबी, म्हणजे ३. आठ स्प्लाइस, म्हणजे कोअरचे कायमचे जोड, प्रत्येकी ०.१, म्हणजे ०.८. बेरीज २२.४, हाती साडेपाच डीबी शिल्लक. पाठवणारी बाजू +३ डीबीएमवर (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप) असेल तर घरात उणे १९ च्या आसपास रीडिंग यायला हवं. ओएनटी उणे २७ पर्यंत चालतो, पण उणे २५ च्या खाली गेलेलं कनेक्शन भरवशाचं नाही. चालू दिसतं, आणि एखाद्या कनेक्टरवर धूळ बसली की तुटायला लागतं. कंपनीला विचारायचा प्रश्न हाच: एकूण विभागणी १:३२ ची की १:६४ ची? ६४ केली की आणखी साडेतीन डीबी जातात आणि २.४८८ गिगाबिटच्या एका पोर्टवर दुप्पट घरं येतात. पुढे एक्सजीएस-पॉन, म्हणजे जीपॉनची जास्त वेगाची पुढची पद्धत, आलं तरी तीच काच आणि तेच स्प्लिटर चालतात, कारण त्याच्या प्रकाशलहरी वेगळ्या आहेत. म्हणून आतल्या जाळ्यावर आज केलेला खर्च वाया जात नाही.

घराच्या आतलं काम सगळ्यात चिवट. दारावरच्या टेलिफोन पाइपातून जुनी वायर हलत असेल तर तिलाच दोरी बांधून ओढायची. न हलल्यास नायलॉनची फिश टेप, म्हणजे पाइपातून वायर ओढायची लवचीक पट्टी. तीही अडली तर केसिंग पट्टी, स्कर्टिंगच्या कडेने. दाराच्या चौकटीतल्या फटीतून केबल घेऊ नका. बिजागरीच्या बाजूला ती दर उघडझाप चेपली जाते. ड्रॉपला पिगटेल, म्हणजे एका टोकाला कनेक्टर असलेला कोअरचा तुकडा, स्प्लाइस करून भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसवायची. ठेकेदार जागेवर बसवायचे मेकॅनिकल कनेक्टर वापरू पाहतात, कारण वेळ वाचतो. त्यांच्यात काचेची दोन टोकं जेलच्या आधाराने भिडलेली असतात आणि कालांतराने ती जोडणी बिघडते. करारात सगळीकडे फ्यूजन स्प्लाइस, म्हणजे मशीनने काच वितळवून केलेला जोड, लिहून घ्या. कनेक्टर सगळीकडे हिरवा, म्हणजे एससी-एपीसी. हिरव्याच्या समोर निळा लावला तर तो बसतो, म्हणूनच घोटाळा होतो. एकाचं टोक आठ अंशांनी तिरकं असतं आणि दुसऱ्याचं सरळ, मधे हवेची फट राहते, काही डीबी जातात आणि टोकांना ओरखडे पडतात.

ओएनटी दारामागे बसवण्याची पद्धत कंपनीच्या माणसाच्या सोयीची आहे. घराच्या मध्यावर, उघड्यावर, निदान दीड मीटर उंचीवर त्याची जागा. आरसीसीच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय खूपच कमी होतं. जिथे घरमालक रंगकाम करणार होते तिथे सॉकेटपासून मागच्या बेडरूमपर्यंत कॅट-सिक्सची लॅन वायर त्याच वेळी टाकायला सांगितली.

तपासणीसाठी ओटीडीआर, म्हणजे परत येणाऱ्या प्रकाशावरून केबलमधला दोष शोधणारं यंत्र, नाही वापरला. वीस-तीस मीटरच्या वाटेवर त्याला जवळचे दोन जोड वेगळे दाखवता येत नाहीत. प्रकाशाचा स्रोत आणि पॉवर मीटर जास्त उपयोगी पडतो. पॅनेलपासून घराच्या सॉकेटपर्यंत तीन कनेक्टर आणि चार स्प्लाइस येतात, म्हणजे वरच्या हिशेबाने जास्तीत जास्त १.९ डीबी. मान्यतेची मर्यादा २ ठेवली. प्रत्येक वाट १३१० आणि १५५० नॅनोमीटर, दोन्हींवर मोजली, कारण वळणाचा दोष लांब लहरीवर आधी दिसतो. १३१० वर १.२ आणि १५५० वर २.१ आलं, तर कनेक्टर पुसत बसू नका, केबल कुठेतरी मोडून वळली आहे. तिथे लाल लाइटचा पेन लावायचा. पॅसेजमधला दिवा बंद केला की पांढऱ्या आवरणातूनही त्या वळणावर लाल ठिपका दिसतो. दोन्ही रीडिंग सारखीच वाढलेली असतील तर बहुधा कनेक्टर मळलेला असतो. लिंटफ्री कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, किंवा क्लिक करणारा क्लीनर. बोटाने किंवा शर्टाने पुसलेला कनेक्टर आणखी बिघडतो. राखीव कोअरही त्याच वेळी स्प्लाइस करून मोजून घ्याव्यात. पुन्हा मशीन बोलावण्याचा खर्च चार कोअरच्या स्प्लाइसपेक्षा कितीतरी जास्त असतो.

लेबल हा या कामाचा आत्मा आहे. पॅनेलवर, मजल्याच्या पेटीत आणि घराच्या सॉकेटवर, तिन्ही ठिकाणी एकच नाव: बी-६०३. मार्करने लिहिलेलं दोन उन्हाळ्यांत उडतं, छापील लॅमिनेटेड लेबल हवं. ट्यूबचा रंग, कोअरचा रंग, पोर्ट आणि दोन्ही रीडिंग असा तक्ता रॅकच्या दाराच्या आत चिकटवला आहे. रॅकची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये, नोंदवहीत सही केल्याशिवाय मिळत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडं. ठराव सर्वसाधारण सभेचाच घ्यावा, नुसता कमिटीचा नको, कारण सामाईक जागा आणि सामाईक खर्च दोन्ही यात आहेत. कंपनीबरोबरच्या करारात या गोष्टी असाव्यात: हक्क एका कंपनीपुरता नाही, पाइप-ट्रे-पॅनेलची मालकी सोसायटीची, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोक पडलं तर दुरुस्ती त्यांच्या खर्चाने, कनेक्शन बंद झाल्यावर ठरलेल्या मुदतीत स्प्लिटर आणि केबल काढून नेणं, आणि अनामत रक्कम. एकाच कंपनीला मक्तेदारी देणारे करार नकोत, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जानेवारी २०१७ मध्येच केली होती. जागेचं भाडं घ्यायचं असेल तर आधी ऑडिटरशी बोला, कारण ते बाहेरून आलेलं उत्पन्न आहे, सभासदांच्या वर्गणीच्या हिशेबात ते बसत नाही. ज्यांची इमारत पुनर्विकासात जाणार आहे त्यांनी हे सगळं विकसन करारनाम्यातच मागावं: वेगळा लो-व्होल्टेज शाफ्ट, पार्किंगमध्ये रॅकची जागा, प्रत्येक फ्लॅटपर्यंत २५ मिलिमीटरचा पाइप. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये दूरसंचार सोयींसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे ट्रायचे विनियम २०२४ मध्ये आले आहेत. बिल्डरसमोर बोलताना हे दोन आधार हाताशी असावेत.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवला आणि ऑक्टोबरमध्ये सगळी रीडिंग पुन्हा घेतली. अर्ध्या डीबीपेक्षा जास्त फरक जिथे पडला तिथे कारणं साधीच निघाली. एका पेटीला केबल शिरते तिथलं रबरी ग्लँड बसवलंच नव्हतं, आत मुंग्यांनी माती भरली होती. एका घरात सॉकेटच्या पुढे कपाट सरकवल्यामुळे पॅचकॉर्ड भिंतीवर दुमडली होती. तिथे काटकोनी बूट असलेली पॅचकॉर्ड लावली. आणि पाचव्या मजल्यावर पॅसेजच्या रंगाऱ्याने केसिंग पट्टी काढून परत ठोकताना खिळा केबलवरच बसवला होता. तो ड्रॉप बदलला, आणि तेव्हापासून सामाईक भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला परवानगीपत्रासोबत केबलच्या वाटेचा नकाशा दिला जातो.